माकड मेलं, ते कुणाला सांगायचं?

माकडतापाच्या पट्ट्यात काम करणाऱ्या आरोग्य, पशुसंवर्धन आणि वन खात्यांतल्या सर्व अधिकाऱ्यांना खुले पत्र

सन्माननीय अधिकारी महोदय आणि महोदया,

तुम्हा तिन्ही खात्यांना मी मुद्दाम एकच पत्र लिहिते आहे. जे सांगायचं आहे त्याचे तीन तुकडे केले, तर त्यातला एकही तुकडा कुणाच्या कामाचा राहणार नाही.

मी तळकोकणातली. 31 वर्षं माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर सासरची काजूची बाग बघायला लागले. बाग डोंगराच्या उताराला आहे. वरच्या अंगाला गडग्यापलीकडे जंगल सुरू होतं, खालच्या अंगाला वाडी आहे. फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत आमच्या वाडीतलं जवळजवळ प्रत्येक माणूस दिवसाचे काही तास या उतारावर वाकून चालत असतं. काजू झाडावरून तोडायचे नसतात. बोंडू पिकून खाली पडला की पाचोळ्यातून तो वेचायचा, बी पिळून वेगळी करायची आणि पुढे सरकायचं. आमच्याकडे याला काजी पुंजावणं म्हणतात. हे काम बहुतेक बायकाच करतात.

तीन वर्षांपूर्वी, फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळी साडेसातला आमच्याकडे कामाला येणारी एक बाई टोपली तशीच ठेवून खळ्यात आली आणि म्हणाली, "बाई, वयल्या काजीत माकड मरान पडलाहा."

मी गेले. लाल तोंडाचं माकड होतं, मादी, काजूच्या बुंध्याशी कुशीवर पडलेली. अंगावर जखम नव्हती. विजेची तार जवळपास नव्हती, कुत्र्यांनी धरल्याची खूण नव्हती. नाकाजवळ थोडं सुकलेलं रक्त होतं. दहा पावलांवर थांबून मी पाहत राहिले, कारण त्याहून जवळ जायचं नाही एवढं मला ठाऊक होतं. 2016 साली सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावात माकडताप, म्हणजे गोचिडीतून पसरणारा विषाणूचा ताप, आला आणि पुढच्या वर्षी तो बांदा परिसरात पोचला, तेव्हापासून शाळेत मी मुलांना हेच सांगत आले होते: मेलेलं माकड दिसलं तर हात लावायचा नाही, जवळ जायचं नाही, लगेच कळवायचं.

कुणाला कळवायचं, हे मात्र मी मुलांना कधी सांगितलं नव्हतं, कारण ते मलाच माहीत नव्हतं.

त्या सकाळी मी तीन ठिकाणी फोन केले. कुठल्या कार्यालयात ते लिहीत नाही, कारण तक्रार करायला हे पत्र लिहिलेलं नाही. पहिल्या ठिकाणी सांगितलं की हा विषय आमचा नाही, अमुक ठिकाणी बोला. दुसऱ्या ठिकाणी नाव लिहून घेतलं, गाव लिहून घेतलं आणि साहेब दौऱ्यावर आहेत, उद्या बघतो म्हणाले. तिसऱ्या ठिकाणच्या माणसाने अगदी आपुलकीने विचारलं, "तुमच्याकडे तापाचा पेशंट आहे का?" मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, "मग पेशंट निघाला की लगेच कळवा."

उद्या कुणी आलं नाही, परवाही नाही. तिसऱ्या दिवशी वास सुटला. मग वाडीतल्या चौघांनी माकडाला तिथेच पुरलं, उघड्या हातांनी. वर फुलं ठेवली, नारळ ठेवला. मी विरोध केला, तेव्हा एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "मारुतीक असो कसो टाकतलांव?" त्यांना उत्तर देण्याजोगं माझ्याकडे काहीच नव्हतं. शास्त्र मला ठाऊक होतं, पण तीन दिवसांत शास्त्राच्या बाजूचं एकही माणूस त्या उतारावर आलेलं नव्हतं.

दहा-बारा दिवसांनी ती निरोप घेऊन आलेली बाई तापाने पडली. ताप एकदम चढला. डोकं फुटेल असं दुखत होतं, कंबर आणि पिंढऱ्या कुणी ठेचल्यासारख्या झाल्या होत्या, डोळे लाल झाले होते. पहिले दोन दिवस तिने अंगावर काढलं. "ताप काय, येतलो नि जातलो, काजी कोण पुंजावतलो?" असं तिचं म्हणणं. मग खाजगी दवाखाना झाला. तिथे मलेरिया बघितला, डेंग्यू बघितला, दोन्ही नाही निघाले. सहाव्या दिवशी तिला दाखल करावं लागलं. माकडतापासाठी रक्ताचा नमुना आठव्या दिवशी गेला आणि तो पॉझिटिव्ह आला. ती बरी झाली, घरी आली, आणि तिसऱ्या आठवड्यात पुन्हा ताप चढला. या आजाराची ही खोड आहे. काही रुग्णांत मधले काही दिवस बरे जातात आणि मग दुसरा फेरा मेंदूशी खेळतो. तिचे हात इतके थरथरायचे की चहाचा कप ओठांपर्यंत नेईपर्यंत अर्धा सांडायचा. ती वाचली. पण त्या वर्षीचा काजूचा हंगाम तिच्या हातून गेला. त्या हंगामाच्या मजुरीवर तिच्या घरी पावसाळ्याची बेगमी होते.

त्याच माकडामुळे तिला ताप आला, असं मी म्हणणार नाही. मला ते म्हणताच येत नाही, कारण त्या माकडाचा नमुना कुणी घेतलाच नाही. माझं सगळं दुःख इथे आहे.

आता तुम्हाला ठाऊक असलेलीच गोष्ट सांगते. सांगायचं कारण एवढंच की वाडीत ती मी ज्या पद्धतीने सांगते, तशी ती तुमच्या पत्रकांत येत नाही.

हा रोग पहिल्यांदा ओळखला गेला तो 1957 मध्ये, कर्नाटकात शिवमोगा जिल्ह्याच्या सोरब तालुक्यात, क्यासनूरच्या जंगलात. तिथे आधी माकडं मरत होती आणि मग माणसं तापाने पडू लागली. तिथले लोक त्याला मंगन कायिले म्हणू लागले, म्हणजे माकडाचा आजार. शोध घ्यायला गेले ते पुण्याचे शास्त्रज्ञ. 1952 मध्ये पुण्यात सुरू झालेलं व्हायरस रिसर्च सेंटर म्हणजेच आजची राष्ट्रीय विषाणू संस्था. माकडं मरतात म्हटल्यावर त्यांना आधी पीतज्वराची, म्हणजे यलो फीव्हरची, शंका आली होती. निघाला तो नवाच विषाणू, आणि तो पसरवणारी निघाली गोचीड. तेव्हाच्या लोकांनी माणसाचा ताप, माकडाचा मृत्यू आणि पाचोळ्यातली गोचीड हे तिन्ही एकाच वेळी तपासलं, म्हणून उत्तर सापडलं. त्यांच्यात कुणी फक्त रुग्णच बघत बसलं असतं, तर किती वर्षं गेली असती कोण जाणे.

शाळेत मी फळ्यावर मधोमध गोचीड काढायचे. मुलं हसायची, कारण त्यांना वाटायचं मधे माकड हवं किंवा माणूस हवा. मग मी सांगायचे की पावसाळा सरताना अंड्यांतून सहा पायांची पिल्लं निघतात. ती उंदीर, घुशी, खारी, माकडं, मिळेल त्याचं रक्त पितात, खाली पडतात आणि कात टाकून आठ पायांची होतात. या मधल्या वयातल्या गोचिडी नोव्हेंबरपासून मेपर्यंत पाचोळ्यात असतात आणि माणसाला चावतात त्या प्रामुख्याने याच. आकार खसखशीच्या दाण्याएवढा. गुराच्या कानात दिसणारी फुगीर, करडी गोचीड सगळ्यांना माहीत आहे. ही तशी नसते. चावलेली कळत नाही. गुडघ्यामागे, कमरेच्या नाडीखाली, काखेत बसते आणि तीळ समजून सोडून दिली जाते. मोठ्या झाल्या की त्या गुरांवर चढतात. गुरांना हा आजार होत नाही, त्यांच्या दुधातही काही बिघडत नाही. पण गुरांमुळे गोचिडींची पैदास वाढते, आणि रानात चरून आलेली गाय त्यांना गोठ्यापर्यंत घेऊन येते. माकडाचं मात्र वेगळं. लाल तोंडाचं माकड असो की काळ्या तोंडाचा वानर, या विषाणूने ते आपल्यासारखेच आजारी पडतात, आणि आपल्याहून जास्त मरतात. ज्या जागी माकड मरून पडतं, तिथे त्याच्या अंगावरच्या गोचिडी उतरतात आणि ती जागा पुढे कितीतरी दिवस धोक्याची राहते.

म्हणून माकड मेलं ही या आजाराची पहिली बातमी असते, कुणाही माणसाला ताप येण्याआधीची. आणि ही बातमी सगळ्यात आधी कळते ती काजी पुंजावणाऱ्या बाईला. डॉक्टरला, पशुवैद्यकाला, वनरक्षकाला ती नंतर कळते.

तुमची सगळी यंत्रणा या बाईपासून सुरू व्हायला हवी. आज ती तिच्यापाशी येऊन संपते. तिला पत्रक मिळतं. पत्रकात लिहिलेलं असतं की संपूर्ण अंग झाकणारे कपडे परिधान करावेत, गमबूट वापरावेत, जंगलात जाणे टाळावे. तिचं कामच जंगलाच्या कडेला आहे, ती जाणं कसं टाळणार? मार्चच्या उन्हात उतारावर गमबूट घालून दिवसभर वाकून बघा, मग कळेल. आमच्या वाडीतल्या बायकांनी स्वतःचा उपाय शोधला आहे. नवऱ्याची जुनी पँट, तिचे पाय मोज्यांत खोचलेले, वर लांब बाह्यांचा शर्ट, डोक्याला टॉवेल. घरी आल्यावर कपडे थेट गरम पाण्यात, मग अंघोळ, आणि एकमेकींच्या पाठी-माना तपासणं. हे त्यांना कुणी पत्रकातून शिकवलं नाही. वरच्या वाडीतल्या एका सुनेने सांगितलं आणि पसरलं. मग तुमच्या पत्रकात त्या सुनेचं सांगणं का नसावं? गोचीड चिमटीत चिरडायची नाही, रॉकेल लावायचं नाही, काडी पेटवून डागायची नाही, छोट्या चिमट्याने कातडीच्या अगदी लगत धरून सरळ ओढायची, हे चार बायकांसमोर एकदा करून दाखवलं तर जन्मभर लक्षात राहतं. छापलेल्या चित्राने राहत नाही.

गोचीड चावू नये म्हणून अंगाला लावायचं तेल येतं, तेही बोलण्यासारखं आहे. ते मिळतं तेव्हा बायका लावतात. पण हंगाम अर्धा उलटल्यावर आलेल्या बाटलीचा उपयोग काय? मधल्या वयातल्या गोचिडी नोव्हेंबरात बाहेर येतात. तुमची जनजागृती बहुतेकदा पहिला रुग्ण निघाल्यावर बाहेर येते.

लसीबद्दल लोक मला विचारतात, म्हणून तेही लिहिते. जुनी लस होती, ती पुन्हा पुन्हा घ्यावी लागायची आणि तिचा परिणाम कमी पडत गेला. कर्नाटकाने 2022 मध्ये ती देणं थांबवलं. नव्या लसीवर काम चालू आहे. ती येईल तेव्हा येईल. या आजारावर थेट मारा करणारं औषधही नाही. वेळेवर दाखल केलं, पाणी आणि रक्तदाब सांभाळला, रक्तस्रावाकडे लक्ष ठेवलं, तर बहुतेक रुग्ण वाचतात. शंभरातले तीन ते पाच दगावतात. ज्या गावात सगळे सगळ्यांना ओळखतात, तिथे यातला प्रत्येक आकडा कुणाच्या तरी ओटीवर बसलेला असतो.

मग मागणं काय, असं तुम्ही विचाराल.

माझं पहिलं मागणं अगदी लहान आहे. तुम्ही एकमेकांचा प्रश्न विचारा. तापाचा रुग्ण आला की डॉक्टरांनी विचारावं, "बागेत, रानात माकड मेलेलं दिसलं का? गुरं कुठे चरतात?" गाय तपासायला आलेल्या पशुवैद्यकाने गोठ्यात उभं राहूनच विचारावं, "घरात कुणाला ताप आहे का?" गस्तीवरच्या वनरक्षकाने दोन्ही विचारावं. यासाठी शासन निर्णय लागत नाही, निधी लागत नाही. आमच्या त्या बाईला सहा दिवसांत तीन जणांनी तपासलं, पण माकडाचं कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. ते माकड सर्वांत आधी तिनेच तर पाहिलं होतं.

दुसरं, तालुक्याला एक फोन नंबर. एकच. तो तिन्ही खात्यांचा असावा आणि माकड कुणाचं हा वाद त्या फोनच्या आत मिटावा, फोन करणाऱ्याच्या कानावर येऊ नये. माकड ताजं असेल तरच नमुन्याचा उपयोग होतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. मग फोन आल्यावर त्याच दिवशी माणूस निघायला हवा. शवविच्छेदन करणारे पशुवैद्यक, त्यांचा सुरक्षा पोशाख, नमुना पुण्याला नेणारी बर्फाची पेटी, मृत माकडाची नीट विल्हेवाट, भोवतालच्या जागेवर गोचीडनाशक पावडर, हे सगळं एका गाडीत बसायला हवं. आणि यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट अजून बाकीच आहे: ज्याने कळवलं, त्याला निकाल कळवा. "तुमच्या बागेतल्या माकडात विषाणू सापडला, महिनाभर त्या कोपऱ्यात जाऊ नका," किंवा "सापडला नाही, निर्धास्त राहा." दोन वाक्यं. ज्याला ही दोन वाक्यं मिळतील तो पुढच्या वेळी पहाटे पाचला फोन करील. ज्याला मिळणार नाहीत तो पुढच्या वेळी मुकाट खड्डा खणील. माझ्या वाडीने नंतर दोन माकडं अशीच मुकाट पुरली. मला ते महिन्यांनी कळलं, आणि मला कुणाला रागावण्याचा अधिकार वाटला नाही.

पुरण्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण इथे चूक झाली तर गाव हातचं जाईल. आमच्याकडे माकड शेतकऱ्याचा वैरीही आहे आणि मारुतीही आहे, एकाच माणसाच्या मनात दोन्ही आहेत. केळी, नारळ, फणस, परसातली भाजी, काही ठेवत नाहीत. सकाळभर डबे बडवून त्यांना हाकलणारा माणूस संध्याकाळी मेलेल्या माकडावर फूल ठेवतो. त्याला अंधश्रद्धा म्हणू नका. त्याला म्हणा, निरोप द्या, पण दहा पावलांवरून द्या, नारळ आम्ही ठेवतो. तुमच्या पोशाखातल्या माणसाने चितेआधी एक फूल ठेवलं तर काय बिघडेल? ज्या दिवशी हे होईल, त्या दिवशी उघड्या हाताने उचलणं आपोआप थांबेल. आणि याची दुसरी बाजूही सांभाळा. आजाराचं नाव माकडताप, त्यामुळे माकडच रोग आणतं असं लोकांना वाटतं आणि मग माकडं मारायची भाषा सुरू होते. माकड आपल्याआधी मरून आपल्याला सावध करतं, हे लोकांना नीट समजावून सांगावं लागेल. माणसापासून माणसाला हा ताप होत नाही, हेही. आमच्या त्या बाईला घरी आणल्यावर शेजारच्या दोन घरांनी तिच्या मुलांना खळ्यात खेळायला बोलावणं बंद केलं होतं.

तुम्हाला हे जमणार नाही, असं मला मुळीच वाटत नाही. 2022 मध्ये गुरांवर लम्पी आजार आला तेव्हा मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. शेळ्यांच्या देवीची लस घेऊन पशुसंवर्धनची माणसं प्रत्येक गोठ्यात आली. भर पावसात, चिखलातून, जिथे गाडी जात नाही तिथे चालत. आमच्या वाडीतली एकही गाय सुटली नाही. त्या वेळी गोठ्यात पाऊल ठेवणाऱ्याच्या हाती गोचिडीविषयी सांगायची पाच मिनिटं दिली असती, तर एका फेरीत दोन कामं झाली असती. लाळ्या खुरकुताच्या लसीकरणाला तुम्ही अजूनही येताच. तसंच आशाताईंचं. पावसाळ्यात भातलावणीच्या वेळी लेप्टोच्या, म्हणजे उंदराच्या मुतातून होणाऱ्या तापाच्या, गोळ्या घेऊन त्या बांधाबांधावर फिरतात, आठवड्याची गोळी समोर उभं राहून गिळायला लावतात. जी बाई जुलैत चिखलात उभी असते तीच फेब्रुवारीत पाचोळ्यात असते. तिला उंदराच्या मुतापासून वाचवणारी व्यवस्था तुमच्याकडे आहे, तर गोचिडीपासून वाचवणारी का नसावी? सरकारच्या उमेद अभियानातल्या, जनावरांची काळजी घेणाऱ्या पशुसखी गावागावांत आहेत. आशाताई आणि पशुसखी बहुतेक वेळा एकाच पायवाटेने, वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळी वही घेऊन जातात. त्यांना एका दिवशी एकत्र पाठवा आणि दोघींनाही त्या दिवसाचे पैसे द्या. पैशांचं मुद्दाम लिहिते, कारण जनजागृती म्हटली की ती फुकट करायची बाईच आठवते.

बागांवर कामाला कर्नाटकातून कुटुंबं येतात, त्यांनाही विसरू नका. ती बागेतच खोपटात राहतात, पाचोळ्यावर निजतात, गावच्या ग्रामसभेत त्यांना कुणी बोलावत नाही. त्यांच्याशी कन्नडमधून बोलायला हवं. शिवमोग्याकडची असतील, तर त्यांनाच आपल्यापेक्षा जास्त माहीत असेल. मे महिन्यात चाकरमानी येतात, मुंबईची मुलं ओले काजूगर आणि रातांबे म्हणून रानभर हिंडतात आणि दहा दिवसांनी परत जातात. तापाने पडली तर मुंबईच्या डॉक्टरला सुचणार कसं? परतताना सोबत एक चिठ्ठी द्यावी: पंधरा दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना सांगा की कोकणातल्या काजूच्या बागेत गेलो होतो.

आणि जंगल. याविषयी वन खात्याशी मला जास्त बोलायचं आहे, पण आरोग्य खात्यानेही ऐकावं. माझ्या लग्नाच्या वेळी आमच्या वरच्या अंगाला जे जंगल होतं, त्यात जांभूळ होती, किंजळ होता, उंबर, आसाणा, चांदाडा होता. आता अर्ध्या उतारावर काजू आहे, पलीकडच्या डोंगरावर रबर. आम्हीच लावला काजू, तो दोष मी दुसऱ्याला देत नाही, त्याच्यावर आमची घरं उभी आहेत. पण उंबर गेला की माकड परसात येतं, जंगलाची कडा वाडीला येऊन टेकते आणि त्या कडेवर माकड, गाय, उंदीर आणि माणूस एकाच पाचोळ्यात उभे राहतात. सोरबपासून गोव्याच्या सत्तरीतल्या पाळीपर्यंत, आणि आमच्या दोडामार्ग-बांद्यापर्यंत, हा ताप अशाच कडांवर सापडत आला आहे. 2015 मध्ये पाळीत रुग्ण निघाले आणि पुढच्या वर्षी केरमध्ये. मधे राज्याची सीमा आहे, जंगलाला ती दिसत नाही. मग सत्तरीत माकड मेलं तर दोडामार्गात त्याच दिवशी कळायला नको का? सावंतवाडी-दोडामार्ग पट्टा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर करा असं उच्च न्यायालयाने 2024 मध्ये सांगितलं, तेव्हा त्यावर चर्चा झाली ती वाघाची, हत्तीची आणि खाणींची. ती व्हायलाच हवी होती. पण त्या चर्चेत एकही डॉक्टर बोलला नाही, याचं मला वाईट वाटलं. जंगल तुटू न देणं हेही ताप रोखण्याचंच काम आहे आणि ते आरोग्य खात्याच्या तोंडून आलं तर लोक वेगळ्या कानाने ऐकतील.

नागपुरात 'एक आरोग्य' (वन हेल्थ) या विषयाची राष्ट्रीय संस्था उभी राहते आहे, 11 डिसेंबर 2022 ला तिची पायाभरणी झाली. माणूस, जनावर आणि पर्यावरण यांचं आरोग्य एकच, हा विचार आपल्या राज्यात मोठ्या पातळीवर पोचला याचा मला आनंद आहे. तिथल्या शास्त्रज्ञांना आमचं निमंत्रण आहे. काजूच्या हंगामात यावं, मोज्यांत पँट खोचून आमच्याबरोबर उतार चढावा.

गौरी-गणपती आटोपले. दोन आठवड्यांनी 2 ऑक्टोबरची ग्रामसभा आहे. पिल्लं अंड्यांतून निघण्याचे हे दिवस, गोचिडी चावायला लागायला अजून दीडेक महिना आहे. म्हणून हे पत्र आत्ता लिहिते आहे. त्या ग्रामसभेत तिन्ही खात्यांचं एक-एक माणूस एकत्र यावं, एवढी विनंती. वेगवेगळ्या दिवशी येऊ नका. फलक नको, माइक नको. काचेच्या बाटलीत गोचिडी घालून आणा, एक मोठी आणि एक लहान, म्हणजे लोकांना फरक दिसेल. एक चिमटा आणा. आणि तो फोन नंबर मोठ्या अक्षरांत लिहून आणा. तो मी शाळेच्या भिंतीवर, रेशन दुकानाच्या दारावर आणि देवळाच्या सभामंडपात स्वतः रंगवून घेईन. कार्तिकात जत्रा सुरू होतील. दशावताराच्या नाटकाला अख्खा गाव रात्रभर जागा असतो, आमच्याकडच्या मंडळींना सांगितलं तर त्यांचा संकासूर, म्हणजे लोकांना हसवणारा राक्षस, तो नंबर गावभर पाठ करून घेईल.

फक्त सभेची वेळ सकाळी अकराची ठेवू नका. त्या वेळी बायका शेतात असतात, भात कापणीला आलेलं असतं. संध्याकाळी सहानंतर ठेवा. ती बाईही येणार आहे. तिचा उजवा हात अजून दमला की थोडा कापतो. तिने मला सांगून ठेवलं आहे की साहेब आले तर ती स्वतः उठून सांगणार आहे, माकड नेमकं कुठल्या झाडाखाली पडलं होतं ते.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका आणि काजू बागायतदार